फी माफ आहे, कागद कुठाय?

प्रश्न : नमस्कार काकू. आम्ही चार-पाच मराठी घरं मिळून महिन्यातून एका रविवारी सॅन होजेतल्या बेघरांच्या एका निवाऱ्यात जेवण वाढतो. तिथे एका गृहस्थांशी ओळख झाली. १९८०च्या दशकात ते अमेरिकन लष्करात होते. जन्म ओहायोचा, वय ६३. पाकीट चोरीला गेलं, त्यात ओहायोचं लायसन्सही गेलं. आता ओळखपत्र नाही म्हणून घर मिळायचं काम अडलंय. आयडीची फी ४० डॉलरच्या आसपास आहे, ती मी भरू का? आणि ज्यांनी लष्करात नोकरी केली त्यांना सरकार आयडीची आणि लायसन्सची फी माफ का करत नाही?
— एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : पैसे तूर्त खिशातच ठेवा. कॅलिफोर्नियात बेघर माणसाला आयडी फुकट मिळतं, तो माजी सैनिक असो वा नसो. २०१४ साली तसा कायदा झाला आणि आयडीची फी १ जानेवारी २०१६पासून माफ आहे. त्यासाठी डीएल ९३७ नावाचा फॉर्म लागतो. हा माणूस बेघर आहे, अशी त्यावर निवाऱ्यातल्या किंवा तशाच संस्थेतल्या अधिकृत माणसाची सही हवी. तुमची-माझी चालत नाही.

पण तुमच्या गृहस्थांना तोही फॉर्म नको. वय ६३ म्हणालात ना? कॅलिफोर्नियात ६२ पूर्ण झालेल्या कुणालाही सीनियर आयडी बिनपैशाचं मिळतं. हे मी माझी फजिती होऊन शिकले. निवृत्तीनंतर मी एका निवाऱ्यात कागदपत्रांच्या टेबलावर बसू लागले, त्या पहिल्याच वर्षी एका आजोबांसाठी सहीच्या मागे दोन आठवडे धावले. सही देणाऱ्या बाई रजेवर, मग मीटिंगमध्ये, मग पुन्हा रजेवर. शेवटी फॉर्म घेऊन आयडी देणाऱ्या कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहिले, तर पलीकडच्या मुलीनं जन्मतारखेवर बोट ठेवलं आणि फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. आजोबा सत्तरीचे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त टोपी काढून पुन्हा घातली. तेव्हापासून मी आधी वय विचारते.

लायसन्सचं मात्र तसं नाही. ही माफी आयडीपुरती आहे, गाडी चालवायच्या परवान्याला लागू नाही. मला हे चुकीचं वाटतं. डिलिव्हरीचं काम मिळत असेल तर आयडी घेऊन माणूस करणार काय? त्यातल्या त्यात एक वाट आहे. व्हीए म्हणजे माजी सैनिकांचं केंद्रीय खातं; त्याच्या एसएसव्हीएफ या माजी सैनिकांच्या कुटुंबांना आधार देणाऱ्या योजनेतून स्थानिक संस्थांना पैसे मिळतात आणि नोकरीसाठी लागणाऱ्या परवान्याचा खर्च त्यात बसू शकतो. निवाऱ्यातल्या केस मॅनेजरला हे नाव घेऊन विचारा. नुसतं ‘काही मदत मिळेल का’ म्हटलं की उत्तरही तितकंच मोघम मिळतं.

फक्त माजी सैनिकांना फी माफ करा, अशी मागणीही होत असते. त्यामागचं कारण मला तरी सरळ दिसतं : सैनिक म्हटलं की पाठिंब्यासाठी दोन्ही पक्षांचे हात वर होतात, नुसतं बेघर म्हटलं की खाली येतात. जानेवारी २०२४च्या मोजणीत देशभर ३२,८८२ माजी सैनिक बेघर होते आणि एकूण बेघर ७,७१,४८०. सरकारी तिजोरी काही या फीवर चालत नाही.

आता खरी अडचण. खिडकीवर फी नसली तरी जन्मदाखला मागतात, आणि बऱ्याच राज्यांत जन्मदाखला काढायला आयडी मागतात. या चक्रात माणसं वर्षवर्ष फिरतात. सुदैवानं तुमचे गृहस्थ ओहायोचे आहेत. तिथे जन्मनोंदी सार्वजनिक आहेत; नाव, तारीख, आईवडिलांची नावं अशी माहिती देऊन कुणीही दाखला मागवू शकतो. म्हणजे तुम्हीसुद्धा.

सोबत डीडी-२१४ मागवा. हा लष्करातून सुटल्याचा कागद. एसएफ-१८० फॉर्मवर त्यांनी सही करून तो सेंट लुईसच्या अभिलेखागारात पाठवायचा. डीडी-२१४ला पैसे पडत नाहीत. ‘मेंबर-४’ प्रत मागा; मेंबर-१ छोटी असते, तिच्यावर सेवेतून कसे सुटले ते नसतं आणि व्हीएला नेमकं तेच हवं असतं. १९७३मध्ये त्या इमारतीला आग लागली आणि १९६०च्या आधी सुटलेल्या सैनिकांच्या लाखो फायली जळाल्या. तुमचे गृहस्थ १९८०च्या दशकातले, त्यांची फाईल त्या आगीतली नाही.

कार्ड पोस्टानं येतं, तेव्हा निवाऱ्याचा पत्ता घालण्याआधी तिथे टपाल कोण घेतं ते बघून ठेवा. आमच्याकडे एक लिफाफा खुर्चीच्या गादीखाली सापडला होता. आणि घराचं काम पुढे सरकत नसेल तर बेघर माजी सैनिकांसाठी व्हीएची हेल्पलाइन आहे : ८७७-४२४-३८३८. दिवसरात्र कुणीतरी फोन उचलतं.

ते ४० डॉलर द्यायचेच असतील तर ओहायोच्या दाखल्याला द्या. तिथे फी लागते.