आईचे गुडघे आणि लडाखचा गोम्पा

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिचे दोन्ही गुडघे बदलले. काठी घेऊन सपाटीवर पंधरा-वीस मिनिटं चालते, पण जिना म्हटलं की घाबरते. तिला लडाखमधला एक तरी गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बघायचाच आहे आणि टूरवाले म्हणतात थिकसेला पायऱ्या आहेत, आजींना गाडीतच बसवा. मग एवढ्या लांब न्यायचं तरी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आईला जरूर न्या, पण गाडीत बसवून ठेवायला नाही. टूरवाले खोटं बोलत नाहीयेत. थिकसे टेकडीवर बारा मजली चढत गेलाय, गाडी बरीच वर जाते तरी मैत्रेय बुद्धाच्या १५ मीटर उंच मूर्तीपर्यंत पायऱ्या आहेतच, आणि लेहच मुळात साडेअकरा हजार फुटांवर, तिथे धडधाकट माणसालाही धाप लागते. म्हणून थिकसे रस्त्यावरून डोळे भरून बघा आणि एक अख्खा दिवस आल्चीला द्या.

आल्ची लेहपासून ६५-७० किमी, सिंधूच्या काठी, उंचीला लेहपेक्षा थोडं खालीच. मठ टेकडीवर नाही, गावातच आहे. मी माझ्या मावशीला नेलं होतं, तिचाही गुडघा असाच. गाडी लावली की गल्लीतून चालायचं, दोन्हीकडे माळा आणि जर्दाळू विकणारे, खाली दगड वरखाली, तिथे आम्ही तीनदा टेकलो. खरी अडचण दारात आली. दारं बुटकी, उंबरे उंच आणि आत अंधार. फिजिओवाल्यांचा नियम तिथे कामी आला, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी (तुमच्या आईचे दोन्ही झालेत, तर कुठला आधी ते त्यांच्या फिजिओलाच विचारा). मी पुढे, ड्रायव्हर मागे, घाई कुणालाच नाही. सुमत्सेक मंदिरात मातीच्या तीन प्रचंड मूर्ती आहेत, इतक्या उंच की डोकी वरच्या मजल्यात जातात, आणि त्यातल्या अवलोकितेश्वराच्या (करुणेचा बोधिसत्त्व) नुसत्या धोतरावर देवळं न् राजवाडे रंगवलेत! ते सगळं खाली उभं राहूनच दिसतं, वर चढायची गरजच नाही. मावशी तिथून हलेना.

बूट बाहेर काढावे लागतात, म्हणून फोल्डिंगचं छोटं स्टूल आणि लांब दांड्याचा शूहॉर्न न्याच. पायात ग्रिपचे मोजे, काठीचं रबर नवं घाला. काठी, स्टूल आत न्यायचं तर आधी हसून जुले (लडाखी नमस्कार) म्हणा आणि तिथल्या लामांना विचारा. आत फोटो काढू देत नाहीत.

जाण्याआधी डॉक्टरांना उंचीबद्दल विचारा, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच. विमानाचं तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा आणि लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसता आराम, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शांतिस्तूप, तिथे गाडी वरपर्यंत जाते, खालून पाचेकशे पायऱ्या आहेत त्या सोडून द्या. नुब्रा खोऱ्यातला दिस्कितचा गोम्पा मात्र या खेपेला नको, वाटेत साडेसतरा हजार फुटांवरचा खारदुंग ला हा घाट लागतो. आणि ग्रुप टूर नको हो, स्वतःची गाडी करा, वीस मिनिटांत बसमध्ये चला म्हणणारं कुणी नसलं की आईचं निम्मं भय तिथेच जाईल.