वारुळावरची अळंबी: आधी मूळ पाहा

प्रश्न : काजूच्या बागेत वारुळालगत आषाढात पांढऱ्या अळंब्या घोळक्याने उगवतात. ‘वारुळावर आली म्हणजे खायचीच,’ असं घरात म्हणतात. तेवढ्यावर विसंबावं का? (कुडाळ)

उत्तर : नाही. वारुळाशेजारी कुजका पालाही असतो आणि त्यावर भलत्याच छत्र्या येतात. ओळखीसाठी एक तरी अळंबी न उपटता खणून काढा. देठापासून चार बोटं अंतर ठेवून खुरप्याने माती मोकळी करत खाली जा. वारुळाच्या अळंबीचा देठ मातीत शिरल्यावर निमुळता होत मुळासारखा वीतभर, कधी त्याहूनही खोल जातो. कारण ती उगवते जमिनीखालच्या वाळवीच्या ‘बागे’तून. चावलेल्या पानालाकडाचा हा स्पंजासारखा गोळा असतो. वाळवी त्यावर बुरशी पोसते आणि खाते. अळंबी उपटली तर हे मूळ तुटून खालीच राहतं. विषारी अमानिता उपटली तर तिच्या बुडाची पिशवी अशीच मातीत राहते. म्हणजे नेमकी धोक्याची खूण तुम्ही जमिनीत सोडून येता.

मग छत्री बघा. माथ्यावर कडक, टोकदार, गडद बोंडी हवी, माती फोडायला. पोटाच्या पात्या पांढऱ्या, पुढे फिकट गुलाबी होणाऱ्या आणि देठाला न चिकटलेल्या असतात. शेवटी ठसा: देठ कापून छत्री पालथी ठेवा, अर्धी पांढऱ्या नि अर्धी काळ्या कागदावर. वर वाटी झाका. रात्रभरात बीजाणूंची पूड पडते. ती गुलाबीसर हवी. हिरवट पडली तर ती विषारी क्लोरोफायलम. ही हिरवळीवर उगवते, छत्रीवर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारं कडं. कोवळी असताना हिच्याही पात्या पांढऱ्याच असतात, म्हणून फसगत होते. शुभ्र ठसा आणि बुडाशी पिशवी दिसली तर टोपलीच रिकामी करा. नुसत्या गुलाबी ठशावरही जाऊ नका. काही विषारी जातींचा ठसा तसाच पडतो. सगळ्या खुणा एकत्र जुळल्या तरच अळंबी घरात येऊ द्यावी.

एक अडचण आहे. नखाएवढ्या छत्र्यांची, शेकड्याने उगवणारी बारीक जात वाळवीने वर आणून टाकलेल्या बागेच्या तुकड्यांवर येते. तिला लांब मूळ नसतं. नवख्याने ती सोडून द्यावी.

प्रश्न : शिजवताना लसूण किंवा चांदीची अंगठी टाकली, काळी पडली नाही, तर अळंबी बिनविषारी ना? (फोंडा)

उत्तर : ही परीक्षा साफ खोटी आहे. अमानिताच्या विषाने चांदीही काळवंडत नाही आणि लसूणही. ते उकळून जात नाही. अळंबीला किडे लागलेत, गोगलगायीने खाल्लंय, यावरूनही काही ठरत नाही. क्लोरोफायलमने एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. अमानिताचा त्रास बहुधा सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. मग एखादा दिवस बरं वाटतं आणि आतून यकृत निकामी होत जातं. म्हणून उशिरा उलटी झाली, तर थांबली तरी थेट मोठं रुग्णालय गाठा. उरलेली अळंबी, सोललेले तुकडे, शिजलेली भाजी, काहीही सोबत न्या. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली, त्या सगळ्यांना न्या.

प्रश्न : सकाळी आणलेल्या अळंब्या संध्याकाळी काळ्या, चिकट झाल्या. आत अळ्याही निघाल्या. काय चुकलं? (चिपळूण)

उत्तर : बहुधा प्लास्टिकची पिशवी. अळंबी तोडल्यावरही श्वास घेते, घाम सुटतो आणि ती शिजल्यासारखी होते. टोपलीत केळीचं पान घालून आणा, छत्री मिटलेल्या निवडा. पूर्ण उघडलेल्या छत्र्यांत अळ्या आधी होतात. अशा छत्र्या तिथेच राहू द्या, बीजाणू पडतील. मुळाची माती सुरीने खरवडा, मग हळदीच्या पाण्यात धुवा, भिजत ठेवू नका. त्याच दिवशी पूर्ण शिजवा.

ओळखीपुरती एक खणलीत की बाकीच्या जमिनीलगत कापा. कुदळीने वाळवीची बाग फोडली की पुढल्या वर्षी तिथे येण्याची आशा कमी. आणि अभयारण्याच्या हद्दीत परवान्याशिवाय वनोपज काढणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, अळंबीही त्यात आली.