बोट नंतर बघ, आधी स्किपर बघ

तुझा मेसेज वाचला. अटलांटिक क्रॉस करायचाय, पगार नको, कुणाच्या तरी बोटीवर क्रू म्हणून जायचंय, मस्तच. पण सगळे फोटो बोटींचे पाठवलेस, स्किपरबद्दल, म्हणजे बोटीच्या कप्तानाबद्दल, एक ओळ नाही गं.

जायचं कुठे, तर स्पेनच्या कॅनरी बेटांवर लास पाल्मासला. कॅरिबियनकडचा हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा, सीझन नोव्हेंबरअखेर संपत येतो म्हणून युरोपातल्या बोटी तिथे जमतात, नोव्हेंबरातच एआरसी (अटलांटिक रॅली फॉर क्रूझर्स) ही शिडाच्या बोटींची रॅली तिथून कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटाला सुटते, साधारण 2700 नॉटिकल मैल, बहुतेकांना तीनेक आठवडे लागतात. ऑनलाइन प्रोफाइल टाकच, पण खरी कामं जेटीवर जमतात. दोन-तीन आठवडे आधी पोच, रोज सकाळी मरीनात, म्हणजे बोटी लागतात त्या बंदरात, चक्कर मार, कुणी सामान चढवत असेल तर हात लाव, ऐन वेळी कुणाचा ना कुणाचा क्रू गळतोच.

युरोपियन पोरं बॅग उचलून निघतात, आपल्या पासपोर्टवर तसं नाही चालत. शेंगेनचे (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा चालतो तो भाग) 180 दिवसांतले 90 दिवस मोज, बोटीने निघताना एक्झिटची नोंद आठवणीने करून घे, आणि कॅरिबियनमधलं मार्टिनिक बेट फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये येत नाही हे डोक्यात ठेव. जिथे उतरणार तिथला व्हिसा आधी बघ. बऱ्याच बेटांवर क्रूला परत पाठवायची जबाबदारी स्किपरवर येते, त्यामुळे परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढलेत हे तूच पहिल्यांदा सांग, समोरचा लगेच मोकळा बोलायला लागतो.

आता स्किपर. चाळीस फुटांच्या बोटीवर तीन आठवडे, मधे उतरायची सोय नाही, म्हणून हो म्हणायच्या आधी एक दिवस तरी त्याच्याबरोबर बाहेर सेल करून ये. अँकर टाकताना बायकोवर खेकसणारा माणूस मधल्या समुद्रात गोड होत नाही. आधीच्या क्रूचे नंबर माग, लाइफराफ्टची (बोट बुडाली तर वापरायच्या फुगणाऱ्या तराफ्याची) सर्व्हिस कधी झाली ती तारीख स्वतः बघ, रात्रीचे वॉच (पहाऱ्याच्या पाळ्या) किती तासांचे, दारू चालते का, झोपायला वेगळी जागा आहे का, सगळं विचार, लाजू नकोस. एकटा पुरुष आणि क्रू म्हणून फक्त मुलीच हव्यात असं असेल तर उत्तरही देऊ नकोस. पैशाचं लेखी ठरव. जेवणाचा वाटा, फार तर डिझेल-मरीनाचा थोडा, हे रास्त, पण दिवसाला हॉटेलसारखा रेट सांगितला तर तू क्रू नाहीस, गिऱ्हाईक आहेस.

अनुभव कमी आहे तर पावसाळा संपला की मुंबईतल्या एखाद्या सेलिंग क्लबात वीकेंडला जायला लाग, दोऱ्या आणि गाठी तरी हाताला बसतील. आणि प्रोफाइलमध्ये ‘ॲडव्हेंचरची आवड’ वगैरे नको, ते सगळेच लिहितात. हलत्या बोटीवर कुकरला खिचडी लावते असं लिही. कुकरचं झाकण लॉक होतं, लाटेने कलंडला तरी सांडत नाही, त्यामुळे समुद्रावर त्याला भलताच मान आहे (आपल्याकडे कुणी कौतुक करत नाही ते सोड).

ट्रॉली बॅग अजिबात नको, ठेवायला जागा नसते, घडी होणारी सॅक घे. विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढ, अपॉइंटमेंट मिळाली की कळव.