मोठ्या दुर्बिणीची उपकरणं बनवायला खगोलशास्त्रात पीएचडी लागतेच का?

तुम्ही रत्नागिरीत बीएस्सी करताय, दुर्बिणींच्या उपकरणांवर काम करायचंय आणि सर म्हणतात, आधी पीएचडी. नाही लागत. मला तर ‘लेथवाल्याचं तिथे काय काम?’ असंही ऐकवलं होतं.

माझ्या वडिलांचा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ लेथ होता. ट्रॉलरचे वाकलेले शाफ्ट यायचे. शाफ्ट लेथवर धरायचा, डायल गेज (काट्यावर बारीक फरक दाखवणारं मापयंत्र) टेकवायचा, हाताने सावकाश फिरवायचा आणि काट्याची चाल बघून कुठे दाबायचं ते ठरवायचं. शाळेतून आलो की मी तिथेच. पुढे पुण्यात स्पेक्ट्रोग्राफच्या, म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश रंगांत फोडून त्याचा वर्णपट टिपणाऱ्या उपकरणाच्या, कामावर लागलो. भिंग कड्यात बरोबर मध्यावर बसवायचं होतं. फिरतं टेबल आणि तोच डायलचा काटा, फक्त माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात!

खरी कटकट थंडीची. अ‍ॅल्युमिनियम नेहमीच्या काचेच्या साधारण तिप्पट आकसतं. प्रयोगशाळेत २० अंशांना झकास बसलेल्या भिंगाला डोंगरावरच्या रात्री कडं आवळायला लागतं, काचेत ताण येतो, प्रतिमा बिघडते. म्हणून मधल्या फटीत सिलिकॉन रबर भरतात. ते दोघांपेक्षा कितीतरी जास्त आकसतं, त्यामुळे जाडी नीट काढली तर फट जेवढी कमी होते तेवढंच रबरही आकसतं आणि भिंगावर दाब येत नाही. हे गणित कुठल्याही मेकॅनिकलवाल्याला जमेल. शिवाय दुर्बीण कलली की मागे लटकलेलं उपकरण स्वतःच्या वजनाने किंचित वाकतं आणि वर्णपटातल्या रेषा सरकतात. तेही त्यानेच सावरायचं.

उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवरचा एडीएफओएससी हा स्पेक्ट्रोग्राफ-कॅमेरा नैनितालच्या एरीज या संशोधन संस्थेने बनवला. टीएमटी (थर्टी मीटर टेलिस्कोप) या नियोजित दुर्बिणीच्या ३० मीटर आरशाचे ४९२ तुकडे असणार आहेत. त्यांचे आधार, अ‍ॅक्चुएटर (तुकडे बारीक हलवणारी यंत्रणा) आणि कडांचे सेन्सर यांत भारताचा वाटा आहे. हे सगळं नुसते शोधनिबंध लिहून होतं का? आम्हाला ‘स्क्रू आवळणारे’ म्हणणाऱ्यांचे वर्णपट आम्ही बसवलेल्या भिंगांतूनच येतात, हे तुमच्या सरांना जरूर सांगा.

तुम्ही ऑप्टिक्समध्ये एमएस्सी किंवा एमटेक करा, सुट्टीत एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथ आणि कॅड (संगणकावर यंत्रांचे आराखडे काढणं) शिका. हां, प्रकल्पाचं नेतृत्व करायचं असेल तर पीएचडीचा फायदा होतो. आणि जागा थोड्या निघतात, बऱ्याचशा कंत्राटी असतात, हे घरी आधीच सांगून ठेवा.