वाचकांचे प्रश्न: मुलांचं कोडिंग आणि आपला माउसवरचा हात

प्रश्न: सर, माझी मुलगी ७ वर्षांची आहे. मी कॉमर्सवाली, मला स्वतःला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही. तिला सुरुवात कुठून करून देऊ? की कोणीतरी जाणकार माणूस गाठावा? – एक आई

ताई, आधी जाणकार माणसाचं सांगतो. तुम्हाला येत नाही हे या वयात चक्क फायद्याचं आहे, कारण ज्यांना येतं त्यांना मूल अडलं की राहवत नाही, ते पटकन माउस ओढून घेतात आणि "हे बघ, असं" म्हणून मोकळे होतात. (पुढचा प्रश्न अशाच एका बाबांचा आहे.) तुम्ही तिच्या शेजारी बसून "हे काय केलंस? मग आता काय होईल?" एवढं मनापासून विचारत राहिलात तरी पहिलं वर्ष निघून जातं.

आता सुरुवात. पहिले काही दिवस स्क्रीन नकोच. तुम्ही रोबो व्हा आणि तिला सांगा की मला दारापासून खिडकीपर्यंत ने, पण फक्त तोंडाने सांगून. ती म्हणेल "पुढे जा". तुम्ही चालायला लागा आणि थांबूच नका, भिंतीला नाक लागलं तरी पाय हलवत राहा. ती हसून लोळेल आणि मग स्वतःच म्हणेल, "अगं आई, चारच पावलं पुढे!" मग "वळ" म्हणेल, तर तुम्ही भलतीकडेच वळा किंवा गोल गोल फिरत राहा. दहा मिनिटांत तिच्या सूचना नेमक्या व्हायला लागतात, आणि कॉम्प्युटरला सांगितलेलंच कळतं, मनातलं कळत नाही, हे तिला कोणी न शिकवता समजतं. मोठमोठ्या प्रोग्रामरांचं अर्धं आयुष्य याच एका गोष्टीशी झटापट करण्यात जातं, तेव्हा ही साधी गोष्ट समजू नका.

दुसरा खेळ, १ ते १०० मधला आकडा ओळखायचा. समोरच्याने फक्त "मोठा" किंवा "लहान" एवढंच सांगायचं. मुलं आधी ३७, ८२ असं काहीही बोलतात, पण रोज खेळलं की एक दिवस ५० पासून सुरू करायला लागतात, मग २५ किंवा ७५, आणि अशी प्रत्येक वेळी मधोमध तोडत गेली की जास्तीत जास्त ७ प्रयत्नांत कुठलाही आकडा सापडतोच. ही युक्ती आपण सांगायची नाही. तिला सापडू दे, कितीही वेळ लागला तरी. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कॉम्प्युटरशिवायचे खेळ जमवून 'सीएस अनप्लग्ड' नावाने फुकट उपलब्ध केलेत, हवे असतील तर शोधून बघा.

स्क्रीनवर यायचं झालं तर वाचन कसं आहे ते बघा. अजून अडखळत वाचत असेल तर स्क्रॅच ज्युनियर, म्हणजे सूचनांचे तयार ब्लॉक एकाला एक जोडून कोडिंग करायचं ॲप, ते ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठीच बनवलंय, ब्लॉकवर अक्षरं जवळजवळ नाहीतच, चित्रं आणि बाण आहेत. नीट वाचत असेल तर सरळ स्क्रॅच, त्याचाच मोठा भाऊ, ब्लॉकवर शब्द असलेला. ते अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने बनवलं आणि २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, अधिकृतपणे ८ ते १६ वयासाठी आहे पण सातवं वर्ष म्हणजे काही फार लांब नाही. दोन्ही फुकट.

प्रश्न: मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे. मुलगा ९ वर्षांचा. दर रविवारी त्याला व्यवस्थित प्लॅन करून शिकवतो: व्हेरिएबल (आकडा साठवायचा डबा), कंडिशन (जर-तर), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा) या क्रमाने. दहा मिनिटांत उठून जातो. त्याला आवडच नाहीये असं समजायचं का? – एक बाबा

नाही हो. त्याला तुमचा सिलॅबस आवडत नाहीये, कोडिंगपर्यंत बिचारा अजून पोचलेलाच नाही. व्हेरिएबल म्हणजे काय हे ९ वर्षांच्या पोराला कशाला हवंय? त्याला स्कोअर हवा असतो. स्क्रीनवर मांजर पळतंय, उंदीर पकडला की गुण मिळायला हवेत, ते गुण कुठेतरी साठवावे लागतात, तेव्हा तो स्वतः येऊन विचारेल की "बाबा, हे लक्षात कसं ठेवायचं?" त्या क्षणी व्हेरिएबल दोन वाक्यांत कळतो. त्याच्या आधी एक तास बोललात तरी हवेत जातं.

म्हणून त्याला एकच विचारा की तुला काय बनवायचंय, आणि ते कितीही फालतू वाटलं तरी तेच बनवू द्या. पादण्याचे आवाज काढणारा डायनोसॉर बनवायचा असेल तर तोच. (बहुतेक तोच असतो.)

एक नेहमीची अडचण सांगतो, कारण बाबा लोकांची खरी परीक्षा इथेच होते. मुलगा स्क्रॅचमध्ये हिरव्या झेंड्याखाली (तो दाबला की प्रोग्राम सुरू होतो) ब्लॉक लावतो: जर मांजर उंदराला टेकलं, तर स्कोअर १ ने वाढव. झेंडा दाबतो, मांजर उंदराच्या अंगावरून जातं आणि काहीच होत नाही. तो म्हणतो "हे बिघडलंय". तुम्हाला लांबूनच दिसलंय की 'इफ' (जर) हा ब्लॉक बाहेर पडलाय, तो 'फॉरेव्हर'च्या (सारखं करत राहा) पोटात हवा, कारण आत्ता झेंडा दाबल्या दाबल्या एकदाच तपासलं गेलं, तेव्हा मांजर उंदरापासून लांब होतं, आणि विषय संपला. तुमचा हात माउसकडे जायला लागेल. तो हात मांडीखाली दाबून बसा. मग विचारा, "झेंडा दाबल्यावर हे तपासायचं काम किती वेळा होतं असं तुला वाटतं?" तो म्हणेल "सारखं सारखं". "मग ते सारखं कर असं आपण त्याला कुठे सांगितलंय, दाखव बरं." आता तो ब्लॉकवरून बोट फिरवेल, गप्प होईल, तुम्हाला वाटेल आता सांगूनच टाकावं, तर तेव्हाही गप्प बसायचं. आणि मग तो पिवळट रंगाच्या ब्लॉकमध्ये जाऊन 'फॉरेव्हर' ओढून आणेल. लूप शिकवून झाला! पण मग स्कोअर एका टेकण्यात भराभरा ३०-४० ने वाढायला लागेल, कारण टेकलेलं असेपर्यंत तपासणी चालूच आहे, आणि ती पुढची गंमत. उंदराला टेकल्याबरोबर दुसरीकडे पळवायचं हे त्याला बहुतेक स्वतःच सुचतं.

जाता जाता, स्क्रॅचच्या स्टेजच्या, म्हणजे मांजर पळतं त्या चौकटीच्या, मधोमध शून्य असतं, उजवीकडे २४० पर्यंत, डावीकडे उणे २४०, वर १८० आणि खाली उणे १८०. शाळेत ऋण संख्या यायच्या कितीतरी आधी मुलं "मांजराला उणे दोनशेवर ठेव" असं आरामात बोलायला लागतात. हे शिकवायला जाऊ नका, आपोआप होऊ द्या.

प्रश्न: टॅब चालेल की लॅपटॉप घ्यावा लागेल?

स्क्रॅच ज्युनियरसाठी टॅब. स्क्रॅचसाठी घरातला जुना लॅपटॉपही चालतो, ब्राउझरमध्ये उघडतं, नेट नसेल तर ऑफलाइन ॲपही आहे. नवीन काही घेऊ नका, फक्त साधा बाहेरचा माउस असू द्या, कारण टचपॅडवर ब्लॉक ओढून नेमका जागेवर सोडणं लहान बोटांना फार जड जातं आणि अर्धी मुलं कोडिंगला नाही तर त्या टचपॅडलाच कंटाळतात.

प्रश्न: एका क्लासवाल्यांचा रोज फोन येतो. म्हणतात सहा महिन्यांत मूल स्वतःचं ॲप बनवेल, आत्ता नाही केलं तर मागे पडेल. मुलगी १० वर्षांची. भीती वाटते.

भीती विकणं हा त्यांचा धंदा आहे, तुम्ही गिऱ्हाईक व्हायलाच हवं असं नाही. क्लास सगळेच वाईट असतात असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणी खरंच चांगली माणसं असतात. तर एक करा, पैसे भरण्याआधी तिथल्या मुलांनी बनवलेलं बघायला मागा. वीस मुलांची वीस ॲप्स हुबेहूब सारखी असतील, रंगसुद्धा तेच, तर समजा की पोरांनी समोरचं बघून टाइप केलंय. नाहीतर एखाद्या मुलाला सहज म्हणा, "हा बॉल थोडा हळू करून दाखवतोस?" ज्याने खरंच बनवलंय त्याला कुठला आकडा बदलायचा ते माहीत असतं. बाकी सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये छान राहतं.

आणि मागे पडणं वगैरे... मुलांना प्रोग्रामिंग करू द्यायची कल्पना काही कालची नाहीये. एमआयटीतले गणितज्ञ सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लोगो' ही भाषा १९६७ मध्येच बनवली, मुलं तिच्यात कासवाला हुकूम देऊन चित्रं काढायची. पेपर्ट यांचं म्हणणं असं होतं की कॉम्प्युटरने मुलाला चालवायचं नाही, मुलाने कॉम्प्युटरला चालवायचं. कोणी दहाव्या वर्षी सुरू करतं, कोणी पंधराव्या, काही बिघडत नाही.

प्रश्न: मुलगी ११ वर्षांची, स्क्रॅचमध्ये बरंच काही बनवते. आता पायथॉन सुरू करू का?

पायथॉन म्हणजे ब्लॉकऐवजी टाइप करून लिहायची भाषा. तिला टायपिंगचा कंटाळा येत नसेल आणि ब्लॉक ओढायला आता वेळ लागतो अशी तीच कुरकुर करत असेल तर करा. तसं नसेल तर स्क्रॅचमध्येच राहू द्या, ती काही खालची इयत्ता नाहीये. पायथॉनसाठी थॉनी नावाचा फुकट एडिटर (कोड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर) आहे, एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात बनलेला, नवशिक्यांसाठी उत्तम. सुरुवात पायथॉनमधल्या टर्टलने करा, म्हणजे लोगोवालंच कासव, पुढे सरकत रेघ काढणारं. चौकोन लगेच जमतो, १०० पुढे, ९० अंश वळ, चार वेळा. मग त्रिकोण काढायला सांगा. ती ६० अंश वळवेल, कारण शाळेत त्रिकोणाचा कोन ६० शिकलीये, आणि स्क्रीनवर त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन उघडा पडलेला दिसेल. तिला उठून जमिनीवर तो त्रिकोण चालायला लावा. चालताना कळतं की वळायचं ते बाहेरच्या कोनाएवढं, म्हणजे १२०. मग पंचकोनाला ७२ हे तिचं तीच काढते, कारण पूर्ण चक्कर ३६० ची.

एक धक्का बसणार आहे, तो बसू द्या. दोन आकडे विचारून बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला की ५ आणि ७ ची बेरीज ५७ येते, कारण टाइप केलेलं पायथॉन अक्षरं म्हणून घेतं आणि नुसतं शेजारी शेजारी चिकटवतं. त्याला आधी आकडा करून घ्यावं लागतं. मुलं यावर जाम खूश होतात, कॉम्प्युटर येडा आहे म्हणून आजी-आजोबांना बोलावून दाखवतात.

प्रश्न: आता एआय सगळा कोड लिहून देतं. मग मुलांना शिकवायचं कशाला?

लिहून देतं खरं. पण त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन आला तर हे चुकलंय हे कोणीतरी ओळखायला हवं ना, आणि का चुकलं तेही. लहान मुलांपुरतं माझं मत स्पष्ट आहे, पहिली दोनतीन वर्षं उत्तर तयार मिळायची सोय नकोच, आणि तसंही यातल्या बऱ्याच सेवांना वयाची अट असते, ती वाचा. मोठं झाल्यावर वापरू देत की, तेव्हा त्यांना आपलं चुकलेलं शोधायची सवय लागलेली असेल.

प्रश्न: स्क्रॅचवर अकाउंट काढावं का?

सुरुवातीला गरज नाही, प्रोजेक्ट कॉम्प्युटरवर सेव्ह करता येतो. दुसऱ्यांना दाखवायचं असेल किंवा दुसऱ्याचं घेऊन बदलायचं, ज्याला तिथे रिमिक्स म्हणतात, तर काढा. पण नाव काल्पनिक ठेवा, खरं नाव, शाळा, फोटो यातलं काही टाकायचं नाही आणि ईमेल तुमचाच द्या. कमेंट्स सुरुवातीला तिच्याबरोबर बसून वाचा.