इस्रायलमध्ये गर्भपाताला परवानगी कोण देतं, रब्बी (ज्यू धर्मगुरू) की डॉक्टर?

कायद्याने परवानगी देणारी समिती तिघांची असते: दोन डॉक्टर आणि एक समाजसेवक, त्यांत किमान एक स्त्री. रब्बीला त्यात जागा नाही. १९७७च्या कायद्यात कारणं ठरलेली आहेत: वय १८पेक्षा कमी किंवा ४०पेक्षा जास्त, लग्नाशिवायच्या संबंधातून (अविवाहित स्त्रीच्याही) किंवा बलात्कारातून गर्भ, गर्भात दोष, आईच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका. हलाखाचं (ज्यू धर्मशास्त्राचं) मोजमाप वेगळं. नुसतं वय किंवा अविवाहित असणं तिथे कारण ठरत नाही. उलट बाळंतपणात आईचा जीव धोक्यात असेल तर मिश्ना (ज्यू कायद्याचा प्राचीन ग्रंथ) गर्भ कापून बाहेर काढायला सांगते, कारण तिचा जीव आधी. डोकं बाहेर आलं की मात्र हात लावायचा नाही. धोका किती हे डॉक्टर सांगणार, तेवढा धोका पुरेसा आहे का हे रब्बी. दोषाच्या बाबतीत रब्बींमध्येच टोकाचे मतभेद आहेत: टे-सॅक्स या लहानपणीच जीव घेणाऱ्या आनुवंशिक रोगात रब्बी वाल्डेनबर्ग यांनी सातव्या महिन्यापर्यंत मुभा दिली, रब्बी फाइनस्टाइन यांनी ठाम नकार दिला.

हमखास घोळ होतो तो दिवसांचा. तालमूद (मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ) पहिल्या ४० दिवसांचा गर्भ ‘नुसतं पाणी’ मानतं, म्हणून बरेच रब्बी तेव्हा सौम्य असतात. पण ते दिवस गर्भधारणेपासूनचे. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात तेच ४० दिवस त्यांच्या हिशेबाने साधारण ७ आठवडे ५ दिवस होतात. रब्बीला विचारताना सोनोग्राफीचे आठवडे तसेच सांगू नका.