लाल पेशींचा काउंट जानेवारीत कमी आणि एप्रिलमध्ये एकदम जास्त, असं का?

दादा, आधी सांगा एप्रिलमध्ये टेस्टच्या दिवशी पाणी किती पिलं होतं, कारण आपल्या सोलापुरात पारा ४० च्या वर जातो आणि अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होऊन काउंट उगाच जास्त दिसतो. सिगारेटनं पण वाढतो. कमी होण्यामागं बहुतेक वेळा लोहच असतं, आमच्या आईचं तसंच झालेलं, पाळीत रक्त खूप जायचं आणि वर जेवल्याजेवल्या कपभर चहा, त्यानं भाकरी-भाजीतलं लोह नीट अंगी लागतच नाही. बी१२, मूळव्याध, किडनी हेपण तपासा, पेशी बनवायचा निरोप अस्थिमज्जेला (हाडांच्या आतला मऊ मगज, जिथं रक्तपेशी तयार होतात) किडनीच देते. एक पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि नव्या पेशी हळूहळूच भरत जातात, त्यामुळं लोहाच्या गोळ्या सुरू केल्या तर आठवड्यात फरक शोधत बसू नका.